परसबागेचा जमाखर्च

वैशाख लागला की कोकणातील खेड्यांत वर्षभर मिटून बसलेली घरे एकाएकी बोलू लागतात. मुंबई-पुण्याहून, बडोद्या-बंगळूरहून चाकरमानी मंडळी मुलाबाळांसह गावी उतरतात. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून हा प्रवास पुष्कळच सुकर झाला आहे. खळ्यात मांडव घातलेला असतो, माजघरात पेंढ्यावर आंब्याची अढी लागलेली असते आणि पडवीत फणसाचा घमघमाट सुटलेला असतो. शहरातून आलेल्या डोळ्यांना प्रथम दिसते ते हे वैभव. आंबा, काजू, फणस यांचे कौतुकही खूप होते आणि ते योग्यच आहे. मात्र दोन्ही वेळच्या ताटात जे वाढले जाते, ते बहुधा घराच्या पुढच्या बाजूचे नसते. लाल माठाची भाजी, कोवळी भेंडी, चवळीच्या शेंगा, आमटीतला शेवगा, वरणावरचा कढीलिंब, चटणीतली मिरची हे सारे मागील दाराने स्वयंपाकघरात आलेले असते. घरामागच्या या चिमुकल्या राज्याचे नाव परसबाग.

घराला लागून भाजीपाल्याची बाग राखण्याची रीत काही केवळ कोकणाची नाही. केरळातील ‘पुरयिडम’, आसामातील ‘बारी’, छत्तीसगढमधील ‘बाडी’ ही तिचीच भावंडे होत. देशावरही वाड्याच्या मागे दोन वाफे आणि मोरीच्या पाण्यावर वाढणारी केळ असायचीच. तथापि उन्हाळ्यातील परसबाग आणि कुटुंबजीवन यांचे नाते जितके घट्ट कोकणात दिसते, तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. कारण येथे बाग फुलण्याचा काळ आणि घर भरण्याचा काळ एकच असतो.

बँकेच्या जगात नोंदीवाचून व्यवहार नाही. परसबागेत मात्र वर्षानुवर्षे व्यवहार चालतो आणि त्याची वही कोठेही ठेवलेली नसते. काय आले, काय गेले, कोणी भरले आणि कोणी काढले, याचा हिशेब बहुतेक घरांत एका वृद्ध स्त्रीच्या मनात असतो. ही न लिहिलेली वही एकदा उघडून पाहिली, तर त्या घराविषयी बरेच काही कळून येते.

पाण्याचे अंदाजपत्रक

कोकणात पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहूनही अधिक पडतो. त्यातील बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. जांभा दगड सच्छिद्र असल्याने आणि जमीन उताराची असल्याने हे पाणी फार काळ थांबत नाही. ओहोळांतून, खाड्यांतून ते समुद्राला मिळते. म्हणूनच श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवू लागते. ‘विहिरीत पुरुषभर पाणी उरले आहे’ असे आजोबा सांगतात तेव्हा ती घरातील सर्वांना दिलेली सूचना असते.

उन्हाळी परसबाग म्हणूनच जमिनीच्या मापाने आखता येत नाही, ती पाण्याच्या मापाने आखावी लागते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी पसरले तर ते बरोबर एक लिटर भरते. भर उन्हाळ्यात जमीन आणि पाने मिळून दिवसाला साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाणी हवेत सोडतात. अर्थात, वाढ पूर्ण झालेल्या भाजीच्या एका चौरस मीटर वाफ्याला रोज ५ ते ६ लिटर पाणी लागते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा गुंठाभर भाजी उन्हाळ्यात जगवायची तर रोज ५०० ते ६०० लिटर पाण्याची तरतूद हवी. तळ गाठलेल्या विहिरीला हे झेपणारे नसते. पंप बसवला तरी तो पाणी उपसतो, निर्माण करीत नाही.

यावर जुन्या घरांनी काढलेला तोडगा साधा होता. एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरायचे. तांदूळ-भाजी धुतलेले, भांडी विसळलेले, न्हाणीघरातून वाहिलेले पाणी पोफळीच्या पन्हळीतून किंवा मातीच्या पाटातून थेट झाडांच्या आळ्यांत सोडले जाई. एका माणसामागे दिवसाला असे ३० लिटर पाणी मिळते असे धरले, तर दोघांच्या घरात ६० लिटर पाणी जमते आणि त्यावर १० चौरस मीटर वाफा तगतो. तेच घर मे महिन्यात दहा माणसांचे झाले की ३०० लिटर पाणी जमते आणि ५० चौरस मीटरची, म्हणजे जवळजवळ अर्ध्या गुंठ्याची बाग जगू शकते. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातील गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. खाणारी तोंडे वाढतात, त्याच प्रमाणात बागेचे पाणीही वाढते.

या हिशेबात काळानुसार एक दुरुस्ती मात्र करावी लागते. पूर्वी भांडी राखेने घासली जात. आता साबण आणि धुण्याची पूड आली. त्यांतील सोडियमचे क्षार सतत साठत गेले तर मातीचा पोत बिघडतो आणि कोवळी रोपे होरपळतात. तेव्हा साबणाचे पाणी नारळ, केळी, कर्दळ यांच्या आळ्यांत फिरवून सोडावे आणि विसळण्याचे स्वच्छ पाणी तेवढे भाजीसाठी राखावे हे उत्तम. खाण्याच्या अळवालाही आता मोरीच्या तोंडाशी न लावता स्वच्छ पाण्याची जागा द्यावी. पाणी कोठेही साचू देऊ नये, नाहीतर भाजीआधी डासांचे पीक येते.

मिळालेले पाणी टिकवणे ही बचतीची दुसरी पायरी. वाफ्यांवर पाचोळ्याचे किंवा पेंढ्याचे बोटभर जाड आच्छादन घातले की ऊन थेट मातीला लागत नाही. वेलभाजीच्या आळ्यात न भाजलेल्या नव्हे, तर नेहमीच्या भाजलेल्या पण झिलई नसलेल्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, त्यात पाणी भरावे आणि तोंडावर करवंटी झाकावी. मडक्याच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरते आणि मुळे तेथवर आपली वाट काढतात. पाणी शक्यतो सूर्य कलल्यावर द्यावे. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण बँकेच्या भिंतीवर पुष्कळदा वाचायला मिळते; तिचा प्रत्यक्ष अर्थ या मडक्यापाशी समजतो.

शिमग्यापासून वैशाखापर्यंत

आतापर्यंतचा हिशेब जमेचा झाला. आता खर्चाची बाजू पाहिली पाहिजे.

भाजी पाहुण्यांच्या बरोबर येत नाही. माठ पेरल्यापासून २५ ते ३० दिवसांत काढता येतो, परंतु भेंडीचा पहिला तोडा मिळायला ४५ ते ५० दिवस लागतात. गवार आणि काकडी यांनाही दीड-दोन महिने द्यावे लागतात. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नातवंडांच्या ताटात भेंडी पडावी असे वाटत असेल, तर शिमगा आटोपताच वाफे तयार करून मार्चच्या मध्यापर्यंत बी मातीत जायला हवे. त्या वेळी घरात माणसे असतात दोनच.

याचा अर्थ असा की, दहा माणसांसाठी आखलेली बाग दोन माणसांना दोन महिने सांभाळावी लागते. रोपे लहान असतात तोवर पाणी कमी लागते. एप्रिल अखेरीस मात्र ५० चौरस मीटरच्या बागेची तहान ३०० लिटरवर जाते आणि घरातील वापरलेले पाणी असते ६० लिटर. उरलेले २४० लिटर विहिरीतून काढावे लागते. दहा लिटरची कळशी धरली तर त्या रोजच्या चोवीस कळश्या झाल्या. पोहरा रहाटावरून वर यायचा, डोणीत रिता व्हायचा, तेथून कळशी वाफ्यापर्यंत जायची. साठी-सत्तरी ओलांडलेल्या शरीराने हे काम रोज संध्याकाळी करायचे असते. त्यातच वानरांची टोळी आली की राखणही करावी लागते. एका दुपारी ती दोन महिन्यांची भाजी फस्त करून जाते.

मुलगा फोनवर म्हणतो, “आई, कशाला एवढा त्रास घेतेस? बाजारात सगळं मिळतं.” आईचे उत्तर घरोघरी जवळपास सारखेच असते, “तुम्ही येणार ना, म्हणून.” या चार शब्दांत चोवीस कळश्यांचा उल्लेख नसतो.

या श्रमांची नोंद देशाच्या हिशेबात तरी आहे का? राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीप्रमाणे, घरच्या वापरासाठी पिकवलेली भाजी ही तत्त्वतः उत्पादनात धरली जाते. तीच भाजी निवडून, चिरून, शिजवून वाढण्याचे काम मात्र धरले जात नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांसाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या आणि पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तास विरुद्ध दीड तास. गावाकडच्या घरात या पाच तासांना जोडूनच परसबागेच्या कळश्या भराव्या लागतात.

भरल्या घरातील दिवस

म्हणूनच मंडळी गावी पोहोचल्यावर पाहुण्यासारखी राहतात की घरच्यासारखी, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ज्या घरांत पहिल्याच दिवशी कामाची वाटणी होते, तेथे उन्हाळ्याला निराळाच रंग चढतो. पहाटे विहिरीवर मुलगा आणि थोरला नातू उभे राहतात. सुना-जावा भाजी तोडतात. लहान मुलांकडे पाचोळा गोळा करण्याचे आणि वानरे हुसकावण्याचे काम येते. हे दुसरे काम ती इतक्या उत्साहाने करतात की त्यांनाच आवरावे लागते. सायंकाळी मोगरा आणि अबोली वेचून ओट्यावर गजरे ओवले जातात. दिवसभर दूरचित्रवाणी आणि मोबाइलमध्ये रमणारी मुलगी दोऱ्यात फूल कसे अडकवायचे हे आजीकडून शिकते आणि पहिला ओबडधोबड गजरा आजीच्याच अंबाड्यात माळला जातो.

दुपारचे ऊन हेही कोकणात वाया जात नाही. रातांबे फोडून बी व गर बाजूला काढायचा, साले त्याच रसात बुडवायची आणि वाळवायची, पुन्हा रस पाजायचा आणि पुन्हा वाळवायची, अशी अनेक पुटे दिल्यावर वर्षभराची आमसुले तयार होतात. मिठातल्या रसाचे आगळ होते, साखरेतल्या सालांचे सरबत होते आणि बियांपासून भेगाळलेल्या टाचांवर लावायचे मुठेल निघते. बरक्या फणसाची पोळी, रायवळ आंब्याची साठे, पोह्याचे व तांदळाचे पापड, सांडगी मिरची यांनी खळे भरून जाते. हे सारे मृग नक्षत्राच्या आत, म्हणजे ७-८ जूनपूर्वी, डब्यात जायला हवे. पावसाळ्यात भाजी दुर्मीळ होते तेव्हा हीच शिल्लक उपयोगी पडते. येथे बचत करणे म्हणजे ऊन साठवून ठेवणे होय.

या कौशल्यातून पुष्कळ गावांत उत्पन्नाचा मार्गही निघाला आहे. ‘नाबार्ड’ने १९९२ साली स्वयंसहायता गट आणि बँका यांना जोडणारा उपक्रम प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. त्यानंतर घरापुरते पापड आणि आमसुले करणारे हात बचत गटाच्या नावाने बाजारात आले. बँकेच्या शाखेत कर्जाच्या अर्जासोबत येणारे ते पहिलेवहिले नमुन्याचे पाकीट म्हणजे त्या न लिहिलेल्या वहीचे लिहिलेले पहिले पान असते.

बियाण्याची ठेव

परसबागेतील सर्वांत मौल्यवान वस्तू ताटात येत नाही. ती वेलावरच राखली जाते. पहिल्या काही तोड्यांनंतर निरोगी वेलावरचे एखादे डौलदार फळ आजी बाजूला ठेवते आणि त्याला सुतळी बांधते. सुतळी बांधलेल्या फळाला कोणी हात लावायचा नाही, हा घरातला अलिखित कायदा. फळ पूर्ण पिकून वाळले की त्याचे बी काढायचे, धुऊन सावलीत सुकवायचे, राखेत घोळवायचे आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवायचे. कोकणात बियाण्याचा खरा शत्रू पावसाळी दमट हवा. राख तो ओलावा शोषते आणि किडीलाही दूर ठेवते.

यातील शास्त्र समजून घेतले पाहिजे. वाल, चवळी, गवार यांचे परागीकरण बहुतांशी त्याच फुलात होते, म्हणून त्यांचे बी मूळ वाणासारखेच उतरते. भोपळा, काकडी, दोडका यांचे परागकण मधमाश्या दूरवर नेतात. त्यामुळे एकाच भाजीचे दोन वाण शेजारी लावले तर पुढच्या पिढीत मिसळ होते. संकरित बियाण्याच्या पाकिटातून उगवलेल्या झाडाचे बी राखले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही. म्हणून जुने गावरान वाण एकदा हातचे गेले की ते पाकीट विकत आणून परत मिळत नाहीत.

अनेक घरांत हे बियाणे लग्नाबरोबर आलेले असते. सासरी जाताना मुलीच्या पिशवीत मूठभर वाल, चार भोपळ्याच्या बिया घातल्या जात आणि मग तो वाण ‘माहेरचा वाल’ म्हणून तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या नांदत असे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी असेच गावरान वाण जिद्दीने जमवले आणि इतरांना वाटले. ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाईंना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. एका शेतकरी स्त्रीच्या घरातील गाडगी-मडकी ही राष्ट्राची ठेव असू शकते, याचीच ती पावती होती. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेही आपल्या शेतातील बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

मुदत ठेवीची पावती हरवली तर बँकेच्या दप्तरी तिची नोंद सापडते. बियाण्याच्या ठेवीला दुसरे दप्तर नाही. कोणती बरणी कोणत्या वाणाची, तो कधी पेरायचा, कोणती फळे राखायची, हे जिला ठाऊक असते ती एकटीच त्या ठेवीची खातेवही असते.

वारस कोण?

२००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली आणि सिंधुदुर्गातही घट झाली. रत्नागिरीत २०११ साली दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष रोजगारासाठी शहरात आणि स्त्रिया घर-बाग सांभाळत गावात, हे चित्र या आकड्यांतून स्वच्छ दिसते. पुढे त्या स्त्रियाही थकतात. एखाद्या वर्षी आजी शहरातल्या मुलाकडे औषधपाण्यासाठी येते, दाराला कुलूप लागते आणि पहिल्याच उन्हाळ्यात परसबाग सुकते. छप्पर दोन-चार पावसाळे तग धरते, वाफे एकही हंगाम थांबत नाहीत.

मालकीचा प्रश्नही नाजूक असतो. वडिलोपार्जित जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर पुष्कळदा अनेक हिस्सेदारांची नावे असतात, परंतु ज्या सुनेने चाळीस वर्षे त्या मातीला पाणी घातले तिचे नाव त्यात असेलच असे नाही. घरे अनेकदा जमिनीच्या वाटणीवरून दुरावतात. कामाची वाटणी झाली असती तर कदाचित जमिनीच्या वाटणीची वेळ इतक्या कटुतेने आली नसती, असे जुनी माणसे म्हणतात, त्यात तथ्य आहे.

परसबागेचा जमाखर्च मांडून पाहिला तर शेवटी हेच आढळते की तुटीची बाब जमीन नाही आणि पाणीही नाही. कमी पडते ते मनुष्यबळ, आणि त्याहून अधिक ते जाणून घेणारे मन. त्यावर उपायही आवाक्यातला आहे. सुटीचा एक महिना हाती असतो. सर्वांनाच मार्चमध्ये येणे जमणार नाही. परंतु भावंडांनी पाळीपाळीने शिमग्याला, पाडव्याला दोन-चार दिवस जास्त राहून वाफे आणि आच्छादन करून दिले, पन्हळी आणि मडकी बसवून दिली, तर चोवीस कळश्यांच्या बारा होऊ शकतात. तेही शक्य नसेल तर बागच लहान आखावी, असा आग्रह मुलांनी धरावा. वडीलधाऱ्यांच्या कंबरेपेक्षा भेंडी मोठी नाही. अक्षय्य तृतीयेला पावसाळी वेलांची आळी करण्याची जुनी प्रथा आहे. त्या दिवशी नातवंडांना आजीशेजारी बसवावे, तिच्या बरण्या एकेक करून उघडाव्यात आणि प्रत्येक बरणीवर वाणाचे नाव, साल आणि तो कोणाच्या घरून आला हे चिठ्ठीवर लिहून चिकटवावे. मूठभर बी आणखी दोन घरांत द्यावे, म्हणजे एका घराला कुलूप लागले तरी वाण जगेल.

इंदूर, हैदराबाद वा बेळगाव येथे राहणाऱ्या कुटुंबांनाही हे लागू पडते. गच्चीवरील दोन कुंड्यांत का होईना, गावच्या घरचे एक बी रुजवावे आणि त्याचे बी पुन्हा गावी पाठवावे. कोणतेही खाते जिवंत राहते ते त्यात व्यवहार होत राहिल्यामुळे. घराच्या मागील दारी असलेले हे जुने खाते निष्क्रिय होऊ न देणे प्रत्येक कुटुंबाच्या हातात आहे, आणि त्यासाठी या वर्षीची सुटी पुरेशी आहे.